नाडी साठवर येईना

वडील छातीत कळ येऊन गेले, तेव्हा आत नेमकं काय बिघडलं होतं ते कुणालाच कळलं नाही. त्यामुळे चढावर आम्हा दोघा भावांच्या छातीत दाटायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी दोघांनाही हृदयाचा सीटी स्कॅन लिहून दिला. पूर्वी मांडीतून नळी घालायचे. आता हाताच्या शिरेत औषध सोडतात आणि मशीन काही सेकंदांत रक्तवाहिन्यांची चित्रं काढतं. फक्त नाडी साठच्या आसपास हवी, नाहीतर चित्र हलतं.

धाकटा गावी, टाकव्यात, वडिलांजवळ राहिला. मी लोणावळ्यात बंगल्यांमधलं जुनं फर्निचर घेऊन-विकून स्वतःचं उभं केलं. वाटणीत रस्त्याकडेची भातखाचरं त्याला, डोंगराकडचा खडक मला. "तो जवळ असतो," एवढंच वडील म्हणाले होते.

हॉस्पिटलात आम्ही शेजारी बसलो. नाडी उतरायची गोळी दोघांनी एकदमच घेतली. तासाभराने त्याची अठ्ठावन्न. माझी ब्याण्णव.

"ऐंशीवर घ्या," मी मशीनवरच्या मुलीला म्हटलं.

"काका, इथे भाव होत नाही."

"पंचाहत्तर. शेवटचं."

धाकटा हसला. "दादा, मनात वाटणी चाललीय व्हय? आज तरी सोडा."

"तुझं काय जातंय सोडा म्हणायला?"

मुलीने माझ्या बोटावरचं यंत्र पाहिलं. अठ्ठ्याण्णव. तिने आधी त्याला आत नेलं. तो लगेच बाहेर आला. "अंग जरा गरम होतंय, बाकी काय न्हाई," असं मलाच समजावू लागला. शेवटी मुलीने त्याला कँटीनमध्ये पाठवलं. तो गेला आणि अर्ध्या तासात माझी नाडी बासष्टवर आली.

दुपारी डॉक्टरांनी चित्रं दाखवली. धाकट्याच्या रक्तवाहिन्या स्वच्छ. माझी एक मध्येच अरुंद झालेली. ऑपरेशन नको, पण गोळ्या कायमच्या, आणि राग कमी करा म्हणाले.

बाप तोच, चढ तोच. मी विचारलं, "चित्रांची अदलाबदल झाली नसेल ना?"

डॉक्टर चिडले नाहीत. दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी उघडली. अरुंद जागी पांढरे ठिपके दिसत होते त्या चित्रावर नाव माझंच होतं.

"दादा, अदलाबदल करता आली असती तर केली असती मी," धाकटा म्हणाला.

तो थट्टा करत नव्हता. तेच मला सहन झालं नाही.