आत्याच्या फणेरपेटीतलं मेण

माझे वरचे दात इतके पुढे होते की ओठ मिटत नसत. वडील दौंडला रेल्वेत होते. त्यांच्या साहेबांनी पुण्याच्या दंतवैद्यांची ओळख करून दिली आणि माझ्या दातांना तार बसली. त्या काळी आमच्या शाळेत अशी मी एकटीच.

वडगाव रासाईची माझी आत्या, नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहत असे. मला पाहून म्हणाली, “बैलाला येसण आन् पोरीला तार! धरून चालवायची का काय हिला?”

पुण्याला जाऊन तार आवळून आले की दात ठणकत. आई भाकरी दुधात कुस्करून द्यायची, मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भरायला लावायची. ठणका त्यानं कमी व्हायचा, पण तारेचं टोक गालात रुतायचं. आतून गाल सोलवटला. मी वर्गात बोलेनाशी झाले. शेवटी वडलांना म्हटलं, “या खेपेला तार काढूनच आणू.” त्यांचंही मन डळमळलं होतं.

मग आईला सुचलं. बायका कुंकू टिकावं म्हणून आधी कपाळाला मेण लावत. आपल्या डबीतलं चिमूटभर मेण तिनं तारेच्या टोकावर दाबलं. टोचणं थांबलं! पण मेणात कुंकू मुरलेलं. शाळेत मैत्रिणी म्हणाल्या, “काय गं, विडा खाऊन आलीस?” घरी येऊन मी रडले.

आत्या उठली. तिनं आपली फणी-कुंकवाची फणेरपेटी उघडली. त्या पेटीला ती कुणाला हात लावू देत नसे. आत मेणाची डबी होती, कुंकवाचा डाग नसलेली. नवरा गेला तेव्हा नुकतंच नवं मेण भरलं होतं म्हणे.

आई म्हणाली, “वन्सं, ते राहू द्या.”

“मला आता काय करायचंय त्याचं? आ कर गं.”

तिनं मेण बोटांत मळून मऊ केलं आणि टोकावर दाबलं. तार काढायची गोष्ट मी पुन्हा काढली नाही. रोज शाळेला निघताना तिच्यापुढे तोंड उघडून उभी राहायची. पुढे मी बी.ए. झाले, वर्गासमोर उभी राहून शिकवू लागले. त्या बोलण्यामागे तिची ती बोटं आहेत.

तार निघाली त्या दिवशी सगळे म्हणाले, “हस बघू.” आत्यानं मात्र भाकरीचा कडक पापुद्रा माझ्या हातावर ठेवला.

“खा,” ती म्हणाली, “आन् वाजू दे चांगला.”