निरोगी बाईची वही

धाकट्या जावेला डिप्रेशन आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला तिची दया आली नाही, हेवा वाटला. सरळच सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मिठबावला आमचं घर एक, चूल एक, भाऊ दोन आणि जावा दोन. मी थोरली. ती माझ्यामागून नऊ वर्षांनी या घरात आली. आली तेव्हा इतकी बडबडी होती, की मीच तिला गप्प बस म्हणायची. गेल्या वर्षी आंब्याचा हंगाम संपला आणि ती हळूहळू बंद पडत गेली. आडाळ्यावर नारळ खवायला बसायची आणि अर्धी वाटी हातात धरून तशीच राहायची. हाक मारली की दचकायची, चार वेळा हात फिरवायची, पुन्हा थांबायची. कारण विचाराल तर काही नाही. नवरा चांगला, मुलगी शाळेत हुशार, सासूचा जाच नाही. सासूच्या वाटचा जाच मी आधीच सोसून संपवला होता. देवळात गाऱ्हाणं घालून झालं, कौल लावून झाला आणि शेवटी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

तिला गोळ्या सुरू झाल्या आणि माझं काम दुप्पट झालं. कामाचं काही नाही, कामाला मी कधी भ्यायले नाही. पण सासू तिला खोलीत गरम पेज नेऊन द्यायला लागली. दीर बांगडे घेऊन यायचा आणि ओट्यावर ठेवताना म्हणायचा, "तिका आवडतत." मला काय आवडतं हे त्या घरात सतरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. आमचे हे तर कधी नव्हे ते स्वयंपाकघरात डोकावून मला सांगून गेले, "तिका काय बोला नको हां." मी कुठे काय बोलत होते? मी बांगडे तळत होते.

दवाखान्यात तिला मीच न्यायची. डॉक्टर तिला विचारायचे, झोप कशी आहे? मी सांगायची, लागते, पण उशिरा. भूक? अर्धी भाकरी खाते. ती शेजारी मान खाली घालून बसलेली. आमच्याकडे आजारी माणसानं आपलं आपण सांगायचं नसतं, सोबत आलेलं माणूस सांगतं. मला ते काम मनापासून आवडायचं. दवाखान्यात मी अगदी पुस्तकातलं मराठी बोलायची आणि डॉक्टर माझं सगळं लिहून घ्यायचे.

मग एक संशोधन करणारी मुलगी आली. मानसोपचाराची डॉक्टरच होती, पण दिसायला कॉलेजातली वाटायची. उदास माणसाचा मेंदू, त्याची झोप आणि त्याचं मन यांचं एकमेकांशी काय नातं आहे, असा तिचा अभ्यास होता. त्यासाठी ती दर गुरुवारी आमच्या दवाखान्यात बसायची. पहिल्याच दिवशी तिनं जावेला विचारलं, "झोप कशी लागते?" मी तोंड उघडलं.

"ताई, त्यांना सांगू द्या," ती गोड हसून म्हणाली. "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बाहेरच्या बाकावर मी पाऊण तास बसले. पहिली दहा मिनिटं आतून काही ऐकू आलं नाही. मग जावेचा आवाज यायला लागला. माझ्याशी सहा महिन्यांत 'होय' आणि 'नको' यापलीकडे न बोललेली बाई त्या परक्या मुलीशी धडाधड बोलत होती. आणि मग, देवाशपथ, ती हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या वेण्या मी घातल्या, तिची अंथरुणं मी धुतली आणि हसू कोणाला मिळालं? घरी जाताना एसटीत मी विचारलं, "काय बोललंस गो एवढां?" ती म्हणाली, "काय नाय, असांच." तिच्यावर जळत होते की त्या मुलीवर, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

पुढच्या गुरुवारी कळलं की या अभ्यासाला एक निरोगी बाईही हवी आहे. त्याच घरातली, तेच खाणारी, तेच काम करणारी. दोघींची तुलना करायची होती. मुलीनं प्रश्नांचा कागद काढला. उदास वाटतं का? नाही. थकवा? नाही. आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं? छे! सगळ्या प्रश्नांना मी खणखणीत 'नाही' म्हटलं आणि सही ठोकली. निरोगी ठरल्याचा इतका आनंद मला दहावी पास झाल्यावरही झाला नव्हता.

मेंदूची चित्रं काढायला आम्हाला गाडीनं गोव्याला नेलं. जाव पुढच्या सीटवर, कारण ती पेशंट. मी मागे, मांडीवर डब्याची पिशवी. त्या मोठ्या यंत्राच्या पोटात दोघींनाही घातलं. यंत्र ठोकल्यासारखं वाजत होतं आणि मी हलायचं नाही म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होते. नंतर मुलीनं पडद्यावर दोन्ही चित्रं दाखवली. अर्धा कापलेला कोबीचा गड्डा असतो ना, तशी दोन चित्रं. मी विचारलं, "यातला आजारी मेंदू कुठला?"

"असं एक चित्र बघून नाही सांगता येत, ताई," ती म्हणाली. "पुष्कळ माणसांची चित्रं शेजारी शेजारी ठेवली, की थोडा थोडा फरक कळायला लागतो. एकट्यादुकट्याच्या बाबतीत अजून आम्हालाच ठाऊक नाही."

मला फसवल्यासारखं वाटलं. एवढं गोव्यापर्यंत जाऊन माझा मेंदू चांगला आणि तिचा वाईट, एवढंही कोणी सांगू नये?

मग दोघींच्या मनगटावर घड्याळासारखा काळा पट्टा बांधला. कधी झोपलो, कधी उठलो, ते त्यात उमटणार होतं. सोबत एक एक वही दिली. रोज संध्याकाळी तीन गोष्टी लिहायच्या होत्या. झोप किती तास झाली, मन कसं आहे याला दहापैकी गुण आणि दिवसातलं आठवेल ते एक वाक्य. एकमेकींची वही बघायची नाही, अशी ताकीद होती.

माझं अक्षर शाळेत पहिलं होतं. मी पहिल्या दिवशी लिहिलं, 'झोप आठ तास. गुण दहा. आज फणसाची भाजी केली, मन प्रसन्न आहे.' दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी दहा. ज्या दिवशी सासूनं सगळ्यांदेखत धाकटीच्या सोलकढीचं कौतुक केलं, त्या दिवशी तर मला अकरा लिहावंसं वाटलं. आता पहाटे तीनला माझा डोळा उघडतो आणि पुन्हा लागत नाही, ही गोष्ट खरी. पण त्याला किती वर्षं झाली! पडून राहिलं की छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं, म्हणून मी उठते आणि सूप काढून तांदूळ पाखडायला घेते. गावात सगळे म्हणतात, हिचा कामाचा उरक बघा. त्याला कोण आजार म्हणतं?

तीन आठवड्यांनी ती डॉक्टर मुलगी घरी आली. आधी जावेशी खोलीत बोलली, मग मला पडवीत बसवलं. मांडीवर तिचा टॅब होता. त्यात आडव्या काळ्या रेघा दिसत होत्या.

"ताई, वहीत तुम्ही रोज आठ तास झोप लिहिली आहे. पट्ट्यात दिसतंय की तुम्ही तीनला उठता आणि मग झोपतच नाही. एक दिवसही नाही."

"पट्टा बिघडला असेल," मी म्हटलं.

"नाही बिघडलेला."

"मग तिचा आणि माझा बदलला असेल. न झोपणारी ती आहे."

मी हे बोलले. आजारी बाईच्या डोक्यावर माझी जाग टाकून मोकळी झाले. मुलगी रागावली नाही. तिनं तोच प्रश्नांचा कागद पुन्हा काढला आणि एकेक प्रश्न थांबून थांबून विचारला. मी तेच 'नाही' म्हणत होते, पण थकव्याचा प्रश्न आला तेव्हा मी तिला चहा घेणार का, ते विचारलं. शेवटी ती म्हणाली, "तुम्हाला निरोगी गटात ठेवता येणार नाही. पण गुरुवारी दवाखान्यात या. अभ्यासासाठी नको, तुमच्यासाठी या." आणि माझ्या हातावरचा पट्टा सोडवून घेऊन गेली.

नापास. या वयात, स्वतःच्या पडवीत, नापास. त्या पट्ट्याचं एवढं खरं कोण धरणार? जावेनंच काहीतरी चुगली केली असणार, असं माझ्या डोक्यानं घेतलं. जाव विहिरीवर गेलेली बघून मी तिच्या खोलीत शिरले आणि उशीखालची वही काढली. माझ्याविषयी काय काय ओकलीय ते मला बघायचं होतं.

माझ्याविषयीच होतं. शाळेतलं मराठी तिनं लिहिलंच नव्हतं, बोलते तसं लिहिलं होतं. पहिल्या दिवशी गुण एक, 'काय्येक करूक नको वाटता.' मग दोन, 'वयनी तीन वाजल्यापासून जागी आसा. काळोखात तांदूळ पाखडता.' पुन्हा दोन, 'आजपण जागी. उठान तिच्याकडे जावचां वाटलां, पण पाय उठले नाय.' मग तीन, 'वयनीक कोण इचारणा नाय.' पानामागून पान तेच. शेवटच्या पानावर गुण पाच होते आणि खाली एकच ओळ, 'आज दारापर्यंत गेलंय. वयनीक कळला नाय.'

ती दारात उभी होती. हात ओले, कडेवर कळशी.

"माझी बातमी देतंस तिका?" मी ओरडले.

"तिना इचारल्यान, दिवसातला काय आठवता?" जाव शांतपणे म्हणाली. "माका तुझां सूपच आठवता. आमच्या भिंतीपलीकडे तर वाजता."

मला तिच्या कानशिलात मारावीशी वाटली. तिचा पुन्हा हेवा वाटला, पहिल्यापेक्षा जास्त. सगळं घर तिला विचारत होतं आणि तिला मात्र मला विचारायला सुचलं होतं. आजारी असूनही तिच्यापाशी एवढं शिल्लक होतं. मी ठणठणीत असून सहा महिने तिच्या पेजेचे आणि हसण्याचे हिशेब करत होते.

गुरुवारी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. तीच खोली, तीच मुलगी. जाव माझ्या शेजारी बसली.

"झोप कशी लागते?" मुलीनं मला विचारलं.

"चांगली लागते," सवयीनं माझ्या तोंडून गेलं.

"नाय लागणा," जाव म्हणाली. "तीन वाजता उठता. पेजसुद्धा उभ्यानां पिता. आणि रडता, पण नळ सोडून रडता."

हे कोणाला ठाऊक असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

"त्यांना सांगू द्या," मुलगी तिला म्हणाली, मला म्हणाली होती त्याच गोड आवाजात. "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

जाव उठली. दाराकडे वळली. मी तिचं मनगट धरलं. माझं पुस्तकातलं मराठी कुठे गेलं कोण जाणे.

"तिका रवांदे," मी म्हटलं. "माझां सगळां तिकाच म्हायती आसा."