एक जागा हाय, बाई

त्या मंगळवारी शाळेत शिकवून घराकडे वळले, तेव्हा आमच्या गल्लीतले माग बंद होते. भिवंडीत राहिलेल्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरे. आमच्याकडे मागांची खटखट थांबते ती फक्त शुक्रवारी, कारखान्यांच्या सुट्टीला, नाहीतर लाइट गेली की. तो मंगळवार होता आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याचा पंखा गरगर फिरत होता... कारखान्यांच्या दारांत माणसं उभी होती. मी एका कारागिराला विचारलं, "क्या हुआ, भैया?" तो म्हणाला, "दत्ता जॉबर गुजर गए, बाई. लूम खोल रहे थे, बस, वहीं बैठ गए."

दत्ताराम आमचा खालचा शेजारी. आम्ही पहिल्या मजल्यावर, तो तळमजल्यावर. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा असेल. मागे बायको पुष्पा, कॉलेजात शिकणारी रेखा आणि धाकटी सोनी. लोक अशा लेखात 'देवमाणूस' वगैरे लिहितात. मी लिहिणार नाही. बारा-चौदा वर्षं मी त्या घराचा नुसता हेवा केला आहे. उघड कधी बोलले नाही, पण आतून धुमसत होते. आता तो गेल्यावर साळसूदपणे टिपं गाळायला मला जमणार नाही. जे आहे ते सांगते, आणि पुष्पाला विचारूनच सांगते.

दत्ताराम मूळचा खारबावच्या बाजूचा. अंगानं काटकुळा, केसांत कायम कापसाची तूस, आणि डोक्यात भलते उद्योग. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला त्याने कुठूनशी एक मोडकी स्कूटर आणली, आणि वेल्डिंगवाल्याकडे रोज संध्याकाळी बसून कारखान्यातल्या भंगार पत्र्याची साइडकार करून तिला जोडली. वर हिरवा रंग फासला. तो हिरवा डबा अंगणात पहिल्यांदा आला तेव्हा सगळी बिल्डिंग हसली. मीही हसले. दुसऱ्याच शुक्रवारी सकाळी पुष्पा मागे, दोन्ही पोरी साइडकारमध्ये, पायाशी भाकरीचं गाठोडं, आणि हे चौघे निघाले माहुलीचा किल्ला चढायला! मी शाळेत जायच्या गडबडीत खिडकीशी वेणी घालत होते. पडद्याच्या फटीतून पाहिलं. त्या दिवशी माझं हसू गेलं ते कायमचं.

मग काय विचारता. महिन्यातून एखादा, कधी दोन शुक्रवार ही वरात निघायचीच. खारबावच्या खाडीत ट्रॅक्टरची ट्यूब टाकून त्याने पोरींना पोहायला शिकवलं, आणि पोरींच्या आधी बायकोला, साडीचा काष्टा मारून! कसाऱ्याच्या घाटात स्कूटर बसली तर खिशात मागाची स्प्रिंग होती, तीच ठोकून बसवली आणि नाशिक गाठलं. काल्हेरच्या रस्त्याला तेव्हा गोदामं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकी शेतं. तिथे त्याने पुष्पाला स्कूटर चालवायला शिकवली. ती साइडकारसकट बांधाखाली गेली, कोपर सोलून आली, आणि जिन्यात मला कोपर दाखवत हसत होती. मला तिच्या त्या खरचटलेल्या कोपराचासुद्धा राग आला. आमचे हे सरकारी कारकून, माणूस सरळ, निर्व्यसनी. रविवारी वर्तमानपत्र वाचायचे, जेवायचे आणि झोपायचे. अठरा वर्षांच्या संसारात ह्यांनी मला एकदा नाशिकला नेलं, तेही चुलतभावाच्या लग्नाला. आणि आम्हाला मूल झालं नाही, हेही सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच तर्क लढवायला नकोत.

आता मुद्द्याचं. दत्तारामची सुट्टी शुक्रवारी आणि शाळेची रविवारी. रेखा माझ्याच वर्गात. म्हणजे प्रत्येक सहलीला पोरीची एक गैरहजेरी, आणि शनिवारी सकाळी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी. आमच्या शाळेत बाकीचे पालकही पोरांना लग्नाला, जत्रेला न्यायचे, पण चिठ्ठीत सगळे 'ताप' लिहायचे. मुख्याध्यापिकांनाही ते ठाऊक होतं, फाइलला ताप चालायचा. हा बाबा मात्र वहीचं पान फाडून टपोऱ्या अक्षरांत लिहायचा, 'काल रेखाला किल्ला दाखवायला नेलं होतं. रजा मंजूर व्हावी.' मी त्याला एकदा जिन्यात थांबवून म्हटलं, "अहो, सगळे लिहितात तसं ताप लिहा ना." तो म्हणाला, "पोरगी खडखडीत बरी हाय, बाई. ताप कशाला लिवू? उगाच लागायचा." आणि वर हसून म्हणाला, "तुमीच या एकदा. साइडकारमधी एक जागा हाय, बाई. पोरी सरकून बसतील." मी म्हटलं, "मला शाळा असते." हे आमचं ठरलेलं बोलणं. तो दर वेळी विचारायचा, मी दर वेळी शाळा पुढे करायचे, आणि वर जाऊन भांडी आपटायचे.

रेखा चौथीत होती त्या वर्षी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायच्या मुलांची यादी माझ्याकडे होती. पोरगी हुशार, पहिल्या तिनांत. यादी करायला बसले त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं, तर शुक्रवारी संध्याकाळी हे चौघे परतले, पुष्पा स्कूटर चालवतेय, तो मागे बसलाय, आणि भर अंगणात त्याने तिच्या केसांतलं गवताचं पातं काढून टाकलं. एवढंच. एक गवताचं पातं. मी यादीत रेखाचं नाव घातलं नाही. मुख्याध्यापिकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, "हजेरी भरत नाही." त्यांनी मस्टर उघडलं नाही. माझ्या शब्दावर विश्वास होता त्यांचा... आणि हजेरी भरत होती. चांगली भरत होती. मीच रोज मांडत होते, मला ठाऊक नसणार तर कुणाला?

दत्ताराम शाळेत आला. चपला बाहेर काढून वर्गाच्या दारात उभा राहिला, हात तेलाने काळे. "बाई, रेखाचं नाव न्हाय यादीत?" मी वर न बघता सांगितलं, "शुक्रवार फार बुडाले तिचे." तो बोटांवर काहीतरी मोजू लागला. हा आता मस्टर मागणार, मला वाटलं. त्याने मोजणं सोडून दिलं. म्हणाला, "तुमी सांगता म्हंजे बरोबरच असंल. चूक माझीच. पोरीला सांगेन, बापामुळं ऱ्हायलं तुझं." आणि मला नमस्कार करून गेला. मेल्याने भांडायला तरी हवं होतं! भांडला असता तर मी तिथल्या तिथे मस्टर उघडून 'अगंबाई, चुकलंच की' म्हणून मोकळी झाले असते.

त्यानंतर शाळेच्या दिवसांत शुक्रवारी ती स्कूटर कधीच हलली नाही. पहिल्या शुक्रवारी मी खिडकीतून तो हिरवा डबा जागच्या जागी पाहिला आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. चहा दोनदा प्याले. दुसऱ्या शुक्रवारी तितकंसं वाटलं नाही. तिसऱ्या शुक्रवारी दत्ताराम अंगणात एकटाच बसून साइडकारचा पत्रा पुसत होता, तो पाहवला नाही. मग त्याने रविवारी दुसरी शिफ्ट मागून घेतली. दुपारी तीनला ड्युटीवर हजर व्हायचं, म्हणून सकाळी उजाडता निघायचं आणि जेवणाच्या आत परतायचं. गावाबाहेरच्या वडप्याच्या पुढे जाणं होईना. किल्ले संपले, घाट संपले, खाडीवर जाऊन तासाभरात माघारी. तरी हा पठ्ठ्या आमच्या दाराशी येऊन म्हणायचाच, "आता रविवार हाय, बाई. आता शाळाबी न्हाय. चला." मी म्हणायचे, "कपडे भिजवलेत." दहा वर्षं मी रविवारी कपडे भिजवत होते.

तो गेल्यावर बायका पुष्पाला धरून बसल्या होत्या. ती हंबरडा फोडून रडत होती, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. लाज वाटते लिहायला, पण त्या वेळीसुद्धा माझ्या मनात आलं, इतकं रडावं असं हिच्याजवळ होतं तरी. विधवा झालेल्या बाईचा हेवा करणारी बाई जगात दुसरी नसेल.

तेराव्यानंतरच्या शुक्रवारी शाळेतून तडक खाली गेले. पुष्पा तांदूळ निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. गवताच्या पात्यापासून मस्टरापर्यंत. ती निवडत राहिली. मी म्हटलं, "पुष्पा, रेखाचं नुकसान केलं मी. तिची माफी मागेन."

तिने ताट खाली ठेवलं. "रेखाचं सोडा, बाई. एका परीक्षेनं तिचं काय अडलं? पण माझे शुक्रवार? दहा वरसांचे शुक्रवार, बाई... आख्खे दिवस होते ते. माणूस इतक्या लवकर जायचा होता, आन् आमी घड्याळ बघत खाडीवरनं माघारी येत होतो."

मी उठले. तिने 'असू द्या' म्हटलं नाही, आणि म्हणू नये. दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी मला खारबावला जायचंय, खाडीवर. पोरींना कॉलेज, शाळा. शुक्रवारी बुडवत न्हाईत त्या, बापानंच सवय लावली. मी स्कूटर चालवेन, पण बाजूची जागा रिकामी बघवायची न्हाय मला. बसाल?"

'मला शाळा असते' हे अगदी ओठांवर आलं होतं. सवयच ती.

सोमवारी मी रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, 'शेजारणीबरोबर खाडीवर जायचे आहे.' आता मुख्याध्यापिका नव्या आहेत. त्यांनी वाचलं, चष्मा वर केला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो बाई, ताप लिहा ना!" मी म्हटलं, "नाही. मी खडखडीत बरी आहे."

शुक्रवारी सकाळी गल्लीत शांतता होती. अंगणात उतरले, पदर खोचला आणि कशीबशी त्या हिरव्या डब्यात शिरले. गुडघे हनुवटीला लागले. आत पत्र्यावर पोरींनी खिळ्याने नावं कोरलेली, त्यांच्या बाजूला जागा मोकळी. मान सरळ केली आणि समोर पाहिलं, तर वर आमची खिडकी. पडदा ओढलेला होता, पण सकाळचं ऊन थेट त्याच्या फटीत, आणि त्या फटीशी उभे असलेले आमचे हे मला लख्ख दिसत होते. हातातलं वर्तमानपत्र, जानव्याला बांधलेली किल्ली, सगळं.

"पुष्पा," मी म्हटलं, "इथून नेहमीच एवढं दिसायचं?"

ती किक मारायच्या बेतात होती, थांबली. "सगळं दिसायचं. पोरी फिदीफिदी हसायच्या. ते म्हणायचे, हसताव काय, बाईंना विचारून बघू एकदा." तिने किक मारली.

मी वर हात केला. हे चटकन पडद्याआडून मागे सरले. मीही अशीच सरत असे, आणि मला वाटायचं, कुणी पाहिलं नाही.