जिभेखाली बोट

सरांनी छडीच्या टोकानं माझ्या आईची हनुवटी वर केली.

फळ्यावरच्या आकृत्या दाखवायची छडी. तीच. सांगलीच्या ज्या मोठ्या इस्पितळात मी डॉक्टरकी शिकत होते, तिथल्या वॉर्डात आई स्टुलावर बसली होती. भोवती आम्ही पोरंपोरी, पांढऱ्या कोटात. आईच्या उजव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याला, लिंबाएवढी गाठ. सरांनी छडी त्या गाठीवर टेकवली आणि विचारलं, गाव कुठलं.

"कोरेगावच्या अंगाला, साहेब."

"गावात कुठं?"

"बुद्धवाड्यात."

सर आमच्याकडं वळले. "ऐकलंत? निम्मं निदान इथंच झालं. दाट घरं, खोकणारी माणसं. क्षय. मानेत उतरला की ही गंडमाळ. लिहून घ्या."

काही जण हसले. बाकीच्यांनी लिहून घेतलं. ती माझी आई आहे हे त्या वॉर्डात फक्त तिला आणि मला माहीत होतं.

आदल्या संध्याकाळी तिनंच बजावलं होतं. "मी वळख दावायची न्हाई. तूबी दावू नगंस. तुला हितं अजून वर्सं काढायची हायती." मी चिडले, भांडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली. मी म्हटलं, बरं, निदान मला तोंड तरी बघू दे. तिनं मान हलवली. उद्या मोठे डॉक्टर बघतीलच की, म्हणाली.

गाठ आली तेव्हा हरभऱ्याएवढी होती. आई कोरेगावातल्या एका डॉक्टरकडं गेली. बड्या घरातला माणूस. त्याच्या वडिलांच्या शेतात माझी आजी राबलेली. आमच्या वस्तीतल्या बायांना तो पायरीवरच उभं करायचा आणि आतून बॅटरी मारायचा. आणि त्या घरातल्या पुरुषांपुढं आमच्या बाया तोंडावर पदर धरूनच बोलायच्या, जुनी रीत. आईनंही धरला. तिनं पदर काढला नाही, त्यानं काढायला सांगितलं नाही. बॅटरी गाठीवर पडली आणि विझली. गंडमाळ म्हणाला. सुया सुरू केल्या, त्याही कंपाउंडरच्या हातून.

गाठ वाढत गेली आणि सुया चालू राहिल्या. तिखट खाल्लं की जीभ जळायची, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. कानात ठणका लागायचा, तो थंडीचा समजली. दातांना तंबाखूची मिश्री लावली की घटकाभर बधिर वाटायचं, म्हणून मिश्री वाढवली. जिच्यामुळं दुखणं लागलं तिच्यातच बिचारी आराम शोधत होती.

दिवाळीच्या सुट्टीत मला गाठ दिसली. मी तिला ओढतच सांगलीला आणलं, कारण मी घाबरले होते. नुकतंच आम्हाला नमुन्यांच्या खोलीत नेलं होतं. तिथं फळीवर बरण्या होत्या. एका बरणीत कुणाची तरी कापलेली जीभ पाण्यात उभी होती, कडेला खड्डा पडलेली. त्या बरणीपाशी शिकवलं होतं की चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेत गाठ दिसली तर आधी तोंडात शिरा, जिभेखाली बोट घाला. क्षयाची गाठ बहुधा रबरासारखी लागते, कर्करोगाची दगडासारखी.

शिकवणारे हेच सर होते.

आणि आता ते छडी काखेत मारून पुढच्या खाटेकडं निघाले होते. त्यांनी गाठीला हात लावला नव्हता. तोंड उघड म्हटलं नव्हतं. गंडमाळेचीच औषधं पुढं चालू ठेवा म्हणाले. म्हणजे आणखी काही महिने. तेवढ्या काळात आई हातची जाणार, हे मला लख्ख दिसलं. शपथ गेली उडत.

"सर, यांच्या जिभेखाली बोट घालून बघायला पाहिजे."

सर थांबले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी राखीव जागेवर आलेली, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"तूच घाल," म्हणाले. "तुला चालेल."

पुन्हा कुणीतरी हसलं.

मी हातमोजा चढवला. आई माझ्याकडं बघत नव्हती. शपथ पाळत होती. मी तिच्या तोंडावरचा पदर बाजूला केला आणि हळूच म्हणाले, आये, तोंड उघड. तिनं उघडलं. मिश्रीनं काळे पडलेले दात. आणि वास. कुजल्याचा. बरणीतली जीभ कधी वास देत नाही. मी उजवीकडं जिभेखाली बोट सरकवलं. टणक कड लागली, मधे खड्डा. दाबलं तसं आईनं माझं मनगट घट्ट धरलं. ओरडली नाही. दुसऱ्या हातानं मी बाहेरून गाठ धरली. दगड. हलत नव्हती. मला तिथंच, सगळ्यांसमोर रडू आलं.

बोट बाहेर काढलं तर हातमोज्याला रक्त.

"हात धुऊन घे," सर म्हणाले. "साबणानं. नीट."

"ही माझी आई आहे," मी म्हणाले. "हात तुम्ही धुवा, सर. आता हिला तुम्ही तपासायचंय."

हसणं थांबलं. आईनं डोळे मिटून घेतले. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाजूला हो, म्हणाले. मी झाले नाही. स्टुलाला पाठ लावून उभी राहिले आणि सांगितलं, कॉलेजातून काढायचं तर काढा, पण हिचं तोंड बघितल्याशिवाय तुम्ही पुढच्या खाटेला जायचं नाही.  

ते बेसिनकडं गेले. एकावर एक दोन हातमोजे घातले. आले. आईच्या तोंडात बोट घातलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुकडा काढून तपासायला पाठवा," एवढंच बोलले. आईची माफी मागितली नाही. माझीही नाही.

कर्करोगच निघाला. जिभेखालून मानेत उतरलेला. जीभ काढली, जबड्याचा तुकडाही काढला. ऑपरेशनच्या सकाळी आई शेवटचं बोलली. "त्या कोरेगावच्यानं येक डाव तरी तोंड उघड म्हनायला पायजे हुतं." जन्मात तिनं कुणाला बोल लावला नव्हता. तो पहिला. त्यानंतर बोलायला जीभच राहिली नाही. पुढच्या उन्हाळ्यात गेली.

सर कुठल्याच आजाऱ्याला हात लावत नाहीत, असं मला कुणी समजावू नये. आईला छडी लावली त्याच आठवड्यात त्यांना विश्रामबागेतल्या एका वकिलाच्या गळ्यावरून हात फिरवताना मी बघितलं होतं. उघड्या हातानं.

मी गाठींचीच डॉक्टर झाले. साताऱ्यात बसते. सुई घालून गाठीतलं पाणी, पेशी काढायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, हे माझं काम. तोंडावर पदर धरलेली बाई समोर येते. मी वस्ती विचारत नाही. पदर काढ म्हणते आणि सुईच्या आधी तोंडात बोट घालते. दगड लागला की, तिला आधी ज्यानं बघितलं त्या डॉक्टरला तिच्यासमोर फोन लावते. एकच विचारते. तोंडात बोट घातलं होतं का?

ते चिडतात. बाई माजलीय म्हणतात. म्हणू देत. मी फोन लावतच राहणार, आणि उत्तर आल्याशिवाय ठेवणार नाही.