मान हलवण्यापुरता सीनियर

मी वर्गात पाऊल टाकलं आणि वीस-बावीस पोरंपोरी खुर्च्या सरकवत उभी राहिली. समोर कोणी उभं राहिलं की 'बसा' म्हणायचं, हे घरचं वळण. मी हात हलवून म्हणालो, "बसा, बसा." सगळे बसले. वह्या उघडल्या. मग मी शेवटच्या रांगेत जाऊन एक रिकामी खुर्ची ओढली आणि मीही वही उघडली.

सॉफ्टवेअर कंपनीतला माझा हा पहिला दिवस. हुद्दा ट्रेनी, वय एक्केचाळीस. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "काका, तुम्ही इन्स्पेक्शनला आलात का?"

त्याआधी पंधरा वर्षं मी चिंचवडच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला होतो. नव्या धोरणात बाहेरचा माल आला, आमचा माल पडून राहिला आणि कारखान्यानं आम्हाला हार घालून घरी पाठवलं. मी संध्याकाळचा कंप्युटरचा कोर्स केला, अकरा ठिकाणी नकार घेतले आणि बाराव्या ठिकाणी लागलो. मुलाखतीला निघताना बायको म्हणाली होती, "अहो, केस तरी काळे करून जा." मी म्हणालो, "ज्यांना डोकं हवंय ते आतलं बघतील." किती चुकीचं बोललो, ते पाच महिन्यांनी कळलं.

आमच्या टीममध्ये मी सोडून सगळे पंचविशीच्या आतले. टीम लीड समीर चोवीसचा. हुशार, फटकळ. माझा कोड बघून म्हणायचा, "काका, हे चालतं, पण का चालतं ते सांगा." मला सांगता यायचं नाही. त्याचा राग मला कधी आला नाही. राग आला तो विवेकचा. विवेक आमचा मॅनेजर, बत्तिशीचा, कायम घाईत.

एका सकाळी त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक छोटा खोका पुढे सरकवला. आत शंभर व्हिजिटिंग कार्डं. माझं नाव, खाली 'सीनियर कन्सल्टंट'.

"सर, मी ट्रेनी आहे."

"पगाराला ट्रेनीच आहात हो. पण क्लाएंट पोरांची टीम बघून बिचकतो. तुम्ही टाय लावून पुढच्या खुर्चीत बसायचं. बोलायचं नाही. फक्त मान हलवायची."

आता खरं सांगतो. संताप यायला हवा होता, पण त्या दिवशी आला नाही. पंधरा वर्षांत मला कोणी कार्ड छापून दिलं नव्हतं. रविवारी कसबा पेठेत मेहुण्याकडे गेलो तेव्हा मुद्दाम एक दिलं. त्यानं ते उलटंपालटं केलं. "मागे काहीच नाही," म्हणाला आणि परत केलं.

क्लाएंट म्हणजे लोणी काळभोरच्या बाजूचा एक पंपांचा कारखाना. त्यांच्या स्टोअरचं, म्हणजे कोठीचं, सगळं कामकाज आम्ही कंप्युटरवर आणत होतो. सोमवारी गो-लाइव्ह होतं. म्हणजे त्या दिवसापासून कागदी रजिस्टर बंद आणि आमचं सॉफ्टवेअर चालू. आदल्या आठवड्यात शेवटची पाहणी होती. मी टाय लावून मान हलवत फिरलो. समीर आणि विवेक पुढे गेले तेव्हा स्टोअरकीपर तुपे यांनी मला रॅकच्या मागे थांबवलं. साठीला टेकलेला, खाकी शर्टातला माणूस.

"साहेब, तुम्ही मोठं म्हणून इचारतो. वॉशर किलोनं येत्यात. आम्ही तोलून देतो, तोलून लिवतो. ह्यो कंप्युटर नग मागतोय. किती नग टाकू?"

वॉशर म्हणजे बोल्टखालची चकती, नखाएवढी. ती कोणी मोजत नाही. आमच्या कारखान्यात मी स्वतः फोन करायचो, "दोन किलो वॉशर पाठवा." चार खाली सांडतात, सहा खिशातून घरी जातात, आणि तेवढी घट सगळ्यांनी धरलेली असते.

"अंदाजानं टाका की," मी म्हणालो.

"टाकतो. पन महिन्याच्या शेवटाला कमी भरलं, की त्यो कागद काढतोय. खाली माझं नाव."

तो शॉर्टेज रिपोर्ट होता. जबाबदार व्यक्तीच्या नावासह थेट संचालकांच्या टेबलावर जाणारा. आम्हाला त्याचा अभिमान होता.

"दोन वर्षांमागं बेअरिंग कमी आलं तवा मेमो मिळालाय. दुसऱ्या मेमोला घरी बसवत्यात. माझी तीन वर्सं ऱ्हायलीत, साहेब."

ज्याला हार घालून घरी बसवलंय, त्याला हे निराळं समजवावं लागत नाही.

परत येताना गाडीतच मी समीरला सांगितलं. त्यानं ते वहीत टिपून घेतलं. मग म्हणाला, "काका, पॉइंट बरोबर आहे. पण स्पेकमध्ये नाही." स्पेक म्हणजे काय बनवायचं याचा सही झालेला कागद. विवेक पुढच्या सीटवरून न वळता म्हणाला, "त्यांनी सांगितलं नाही, आपण केलं नाही. बोंबलले की चेंज रिक्वेस्ट घेऊ." म्हणजे आपणच ठेवलेलं भोक बुजवायचं वेगळं बिल लावायचं.

"सर, तोवर त्या माणसाची नोकरी जाईल."

"तो आपला एम्प्लॉयी आहे का? आणि तुमचं कन्फर्मेशन पुढच्या महिन्यात आहे ना?"

तेव्हा मात्र डोकं तडकलं. काम येत नाही म्हणून दिवसातून चार वेळा ऐकून घेत होतो, ते रास्त होतं. पण जे येत होतं, ते बोलायचं नाही? माझ्या केसांवर विश्वास ठेवून एक माणूस मला साहेब म्हणाला, आणि ते केस यांनी भाड्यानं घेतलेले! धायरीला घरी पोचेपर्यंत स्कूटरवर मी विवेकला काय काय सुनावलं ते इथे छापता येणार नाही. विवेक अर्थातच तिथे नव्हता.

शुक्रवारी पंपांच्या कारखान्यात शेवटची मीटिंग. संचालक भंडारी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझं कार्ड हातात धरून थेट मला विचारलं, "तुम्ही सीनियर आहात. सोमवारी चालू करायला काही हरकत?"

विवेकनं माझ्याकडे पाहिलं. मान हलवायची वेळ झाली होती.

"साहेब, मी सीनियर नाही," मी म्हणालो. "ट्रेनी आहे. पाच महिने झालेत."

"मग हे कार्ड?"

"कार्ड कंपनीनं छापलंय. केस तेवढे माझे आहेत."

समीरला खोकला आला. विवेक "ही इज जोकिंग" म्हणाला, पण कोणी हसलं नाही. मी म्हणालो, "तुपेंना एक किलो वॉशर घेऊन बोलवा."

तुपे ट्रे घेऊन आले. पांढरेफटक पडले होते.

"साहेब, यात किती वॉशर आहेत?" मी भंडारी साहेबांना विचारलं.

"तुम्ही सांगा."

"मला माहीत नाही. तुपेंना नाही, आमच्या सॉफ्टवेअरलाही नाही. पण सोमवारपासून तुपेंनी माहीत असल्याची नोंद करायची आहे, आणि चुकलं तर ते चोर."

भंडारी साहेबांनी ट्रे टेबलावर ओतला आणि स्वतः मोजायला लागले. चाळीसपर्यंत गेले. मधेच तुपेंनी एक घरंगळलेला वॉशर पकडून दिला, तेव्हा आकडा चुकला. त्यांनी ढीग बाजूला सारला. "सोमवार रद्द. वजनाचं आधी करा. तोपर्यंत रजिस्टर चालू. आणि तो नाव छापणारा कागद काढून टाका."

वजनाचा तो भाग समीरनं मलाच लिहायला दिला. मला नऊ दिवस लागले. त्यात त्यानं दोन चुका काढल्या आणि सगळ्यांसमोर झापलं. पण कोडच्या वर, लिहिणाऱ्याचं नाव असतं तिथे, माझं नाव त्यानं स्वतः टाइप केलं. तुपे पुढे रीतसर रिटायर झाले.

विवेकनं माझ्या कन्फर्मेशनच्या कागदावर शेरा मारला: 'ग्राहकासमोर नेऊ नये. प्रोबेशन तीन महिने वाढवावं.' आणि वर्षभरानं तोच वजनाचा भाग 'आमचं खास फीचर' म्हणून दुसऱ्या तीन कारखान्यांना विकला. तिथे मान हलवायला कोणाला नेलं, ठाऊक नाही. मी यातून एवढंच शिकलो, की ज्या खुर्चीचा पगार मिळत नाही तिच्यात बसू नये, आणि बसलोच तर मान आडवीही हलते हे विसरू नये.

शेऱ्याचा तो कागद मिळाला त्या रात्री मी तो घरी जेवताना मोठ्यानं वाचला. मधे मधे विवेकचा उद्धार केला. बायकोनं सगळं ऐकलं, मला न विचारता तिसरी पोळी वाढली आणि म्हणाली, "तरी मी सांगत होते, केस काळे करा. ते तुपे तुमच्याकडे फिरकले नसते, आणि आज तुम्ही कन्फर्म झाला असता."