उसनी चतुर्थी

"सर, काकांचा आज उपवास आहे," असं मी बोलून गेलो आणि अख्ख्या टेबलाचं जेवण अडवून बसलो.

उपवास खरं तर माझा होता. म्हणजे असायला हवा होता. सकाळीच कळवणहून आईचा मेसेज आलेला: 'आज संकष्टी आहे, बाहेर काही खाऊ नकोस.' मी तिला जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि परिषदेच्या नाश्त्याला गरम बटाटेवडे खाल्ले.

आमची कंपनी ठिबकच्या नळ्या विकते. यंदाची विभागीय परिषद नाशिकला होती, आणि पहिल्या दिवसाच्या संध्याकाळी हैदराबादचे मोठे साहेब आम्हाला गंगापूर रोडच्या एका हॉटेलात जेवायला घेऊन गेले. त्यांचं आडनाव राव. आमच्या ऑफिसात ते आपोआप 'रावसाहेब' झाले, आणि त्यांना अजून वाटतं की नाशिकची माणसं फार अदबीनं बोलतात.

तर पनीर आलं. मी पहिला तुकडा तोंडात टाकला. रावसाहेबांनी स्वतः ताटली उचलून शेजारी बसलेल्या सावळीरामकाकांपुढे धरली. काका म्हणाले, "नको, नको."

आता आपल्याकडचा 'नको' कळायला आपल्याकडेच जन्मावं लागतं. पहिला 'नको' म्हणजे नमस्कार, दुसरा म्हणजे भीड, आणि तिसऱ्याला माणूस ताट पुढे करतो. साहेब पहिल्यालाच थांबले. "क्यों नहीं खा रहे?" त्यांनी मला विचारलं. माझी हुशारी कायम जिभेच्या टोकावर चप्पल घालून उभी असते. ती निघाली.

चतुर्थी म्हटल्यावर साहेबांनी हातातला काटा खाली ठेवला. त्यांची आईही करायची म्हणे. "तो फिर चाँद निकलने के बाद सब साथ में खाएँगे," ते म्हणाले आणि त्यांनी वेटरला ताटल्या परत न्यायला सांगितल्या. सगळ्यांचे डोळे पनीरच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथून वळून माझ्यावर आले.

"ओम्या, उद्या तुझं प्रवासबिल माझ्याकडंच येणारंय, लक्षात ठेव," हिशोबातल्या मनीषा मॅडम ओठ न हलवता म्हणाल्या.

काकांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "कुणाचा उपास रे?"

"तुमचा."

"मला कुणी सांगितलं नाय ते."

सावळीरामकाका नाशिकच्याच अंबड भागातल्या आमच्या गोदामात आहेत. बसलेला माणूस म्हणून त्यांचा फोटो कुणाकडे नसेल. गोदामात खुर्ची आहे, तिच्यावर त्यांचा डबा बसतो. मखमलाबादकडे त्यांचं अर्ध्या एकराचं झेंडू-शेवंतीचं रान आहे. रोज पहाटे स्कूटरला दोन्ही बाजूंनी फुलांच्या पाट्या आणि मागे मालनकाकू अशी त्यांची वरात पंचवटीतल्या फुलबाजाराला निघते. गाडी काकांची, जीभ काकूंची. काकूंना स्कूटर येत नाही आणि काकांना भाव करता येत नाही. गिऱ्हाईक जरा हसलं की हा माणूस पाटीच उचलून देतो. बाजार उरकला की काकूंना घरी सोडून, केसांत एखादी पाकळी तशीच घेऊन काका गोदामात हजर.

म्हणूनच त्या संध्याकाळी ते साहेबांच्या शेजारी बसले होते. जालन्याला नवा डेपो निघत होता आणि नाशिकमधून एक माणूस तिथे जाणार होता. नाव परिषद संपताना सांगणार होते. काकांचं नाव जवळपास ठरल्यात जमा होतं, कारण त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. काका गेले की स्कूटर उभी, काकू घरात आणि फुलं झाडावर. "मला साहेबांच्या शेजारी बसव," त्यांनी दुपारी सांगितलं होतं. "जेवताना माणूस मऊ असतो. मी बोलतो, हिंदी अडलं तर तू ढकल."

आणि त्या मऊ होणाऱ्या माणसाला मी उपाशी बसवलं होतं.

काका तर दुपारीही जेवले नव्हते. रात्रीच्या हॉटेलासाठी पोटात जागा राखली होती. त्यांचा पाय असा हलत होता की टेबलावरचे चमचे किणकिणत होते. शेजारच्या टेबलावर कुणाची तरी बिर्याणी आली. काकांनी डोळे मिटले, साहेबांना वाटलं ध्यान लागलं. विक्रीतल्या रोहितने गल्ल्यावरची बडीशेप दोन फेऱ्यांत संपवली आणि तिसऱ्या फेरीला मॅनेजरनं वाटी उचलून आत ठेवली.

"कॅलेंडरप्रमाणे चंद्र कधीच उगवलाय," परत येऊन रोहित म्हणाला.

"मग जा, घेऊन ये," मनीषा मॅडम म्हणाल्या.

चंद्र उगवला असेलही, पण हॉटेलच्या पूर्वेला एक नवी इमारत चढत होती. शेवटी साहेबच उठले. "चलिए काका, छत पर देखते हैं." मी दुभाषा म्हणून मागे.

गच्चीवर डिसेंबरचा वारा होता आणि समोर ती इमारत, डोक्यावर क्रेन घेऊन. आम्ही तिघे तिच्या मजल्यांकडे बघत उभे राहिलो. साहेबांनी हळूच विचारलं, "काका, किसलिए रखते हैं व्रत? कुछ माँगा है?"

मी काकांना कोपर मारलं. "काका, हीच वेळ आहे. सांगा, बदली टळावी म्हणून धरलंय. देव आणि साहेब एकाच दगडात."

काकांनी माझं कोपर बाजूला सारलं. "ओम, चतुर्थी म्हणजे मला उपास नाय रे. चतुर्थी म्हणजे भाव. आज सकाळी बांधावरची जास्वंद हातोहात गेली, दूर्वांच्या जुड्यांना काकूनी दुप्पट लावले. देवाच्या नावानं तेवढं कमवतो, ते बास हाय. वर हे खोटं नको."

"अहो, पण जालना..."

"गप." मग ते साहेबांकडे वळले आणि आयुष्यातली सगळी हिंदी एकत्र करून म्हणाले, "साहब, उपास नहीं है. भूक है. और जालना नहीं मंगता." एवढं झाल्यावर मला म्हणाले, "बाकीचं तू सांग. आणि जसं हाय तसं सांग."

मी सांगितलं. स्कूटर, पाट्या, काकू, भाव, सगळं. साहेब ऐकत होते काकांची गोष्ट, पण बघत होते माझ्याकडे.

"तो फिर फास्ट किसका था?"

"सर... मेरा."

"तुमने तो सबसे पहले पनीर उठाया था."

तेवढ्यात क्रेनच्या दांड्यामागून चंद्राची कड दिसली. साहेबांनी हात जोडले, म्हणून काकांनी जोडले, म्हणून मीही जोडले. "मुझे भी भूख लगी है," एवढंच बोलून साहेब जिना उतरले.

खाली जेवण सुरू झालं. काकांना आता कोण काय वाढतंय याचं भान नव्हतं; 'नको' हा शब्द त्या टेबलावर परत ऐकू आला नाही. साहेब मनीषा मॅडमशी द्राक्षांबद्दल बोलत राहिले. जालन्याचा ज सुद्धा नाही.

"काय म्हणले का?" काकांनी मला विचारलं.

"नाही."

"म्हणजे गेलो मी." त्यांनी रोटीचा तुकडा मोडला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "काकूला सांगायचं कसं रे? ती स्कूटर शिकते म्हणंल. या वयात पाट्यांसकट पडंल कुठं तरी." मग रोटी संपवून आणखी एक मागवली. "जायचंच हाय तर जेवून जातो."

दुसऱ्या दिवशी समारोपाला साहेब माइकवर आले. जालन्याचं मार्केट नवीन आहे, म्हणाले. तिथे जागच्या जागी उत्तर बनवू शकणारा तरुण माणूस पाहिजे. असा एक माणूस मला काल रात्री सापडला.

माझं नाव ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्या रोहितच्या. मनीषा मॅडमनी प्रवासबिल पास करते म्हणून लगेच खूण केली.

काका मागच्या रांगेत उभे होते, अर्थातच उभे. टाळी वाजवावी की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. चहाच्या वेळी जवळ आले. "वाईट वाटतंय रे तुझं."

"आणि बरं?"

"बरंबी वाटतंय. दोन्ही वाटतंय." बशीतला चहा त्यांनी एका घोटात संपवला. "पण एक ध्यानात ठेव. काल चंद्र दिसंपर्यंत मी उपाशी बसलो, ती चतुर्थी तुझी होती. मी उसनी धरली. एक चतुर्थी माझी तुझ्याकडं बाकी हाय."

"फेडतो काका."

आता मी जालन्यात आहे. दर संकष्टीला पहाटे काकांचा फोन येतो. मागे फुलबाजाराचा कालवा, आणि त्याच्याही वर काकूंचा आवाज, "न्यायची तर न्या, नाय तर पुढं व्हा!" काका ओरडून विचारतात, "आज चतुर्थी हाय. धरली का रे?"

"धरली काका."

परवाही आला. डेपोशेजारच्या टपरीवर पोहे फार लवकर तयार होतात, त्याला मी काय करणार.

"धरली का?"

"हं."

"तोंडात काय हाय?"

"काही नाही, काका."

"मग आधी ते गिळ," काका म्हणाले, "आणि पुढच्या महिन्याचं बघ."