कोरड्या खोलीतलं वाळ्याचं पाणी

सगळ्यात आधी यशवंताचं नाव लिहितो. चंदगडकडचा यशवंता, कोल्हापूरला बापूंच्या भिंगांच्या कारखान्यात माझ्याबरोबर कामाला होता. तो नसता तर हे लिहायला मी उरलो नसतो... आणि आज ज्या बाकावर बसून पोट भरतो, तो बाकही माझा नसता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझाच हलकेपणा जास्त आहे.

भुतंखेतं, करणी, अंगात येणं, यांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमच्या गावात एका बाईच्या अंगात दर अमावास्येला यायचं आणि दर वेळी देव तिच्या सासूलाच शिव्या द्यायचा. त्यामुळं असलं काही ऐकलं की मला आधी हसू येतं. पण तुमच्या मासिकात लोकांचे अनुभव वाचून वाटलं, आपलंही एकदा लिहून टाकावं. शाळा चौथीत सुटली, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी जतकडचा. आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी आणायचं म्हणजे घागर डोक्यावर घेऊन दोन मैल चालायचं. कोल्हापूरला निघालो तेव्हा आईनं भाकरीबरोबर एक वाक्य बांधून दिलं होतं — "म्हादू, तिकडं पानी लई हाय म्हनत्यात. म्हनून सांडू नगंस. उगं सांडलेलं पानी मागनं विचारायला येतं."

बापूंचं घर शुक्रवार पेठेत, नदीकडं उतरणाऱ्या बोळात. जोतं चांगलं उंच. पुढं दुकान, मागं 'कोरडी खोली'. काम कॅमेऱ्यांच्या भिंगांचं. कोल्हापुरात फोटोवाले पुष्कळ, सिनेमावाले पुष्कळ, आणि पाऊस चार महिने. भिंगांवर बुरशीचं जाळं धरायचं, की भिंगं बापूंकडं यायची. ती पुसून, जोडून पुन्हा ओल लागू नये म्हणून बापूंनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून अमेरिकन मशीन आणलं होतं. तिकडं म्हणे लोक ते घरात वापरतात. गुडघ्याएवढं असेल. पंख्यासारखं घरघरायचं, हवा आत ओढायचं, आतल्या गार नळ्यांवर हवेतली ओल धरायची आणि थेंब थेंब खालच्या डब्यात पडायची. बापू त्याला 'पिळणी' म्हणायचे. हवा पिळते म्हणून पिळणी.

बापूंना तिचा केवढा अभिमान! कुणी आलं की डब्यातलं पाणी उकळून, गाळून, गार करून पेल्यातनं पुढं करायचे. "घ्या पावणं, हवेचं पानी प्या! न्हाय नदीचं, न्हाय हिरीचं!" पावणा घोट घेऊन तोंड वाकडं करायचा. वहिनी — म्हणजे बापूंच्या घरातल्या — आतून म्हणायच्या, "त्याला चव न्हाय का वास न्हाय. त्यापरीस माझ्या माठातलं द्या की." वहिनींच्या माठात बारा महिने वाळ्याची जुडी असायची. ऐन पावसाळ्यातसुद्धा. त्या पाण्याचा वास उंबऱ्यापर्यंत यायचा.

मी मात्र ते हवेचं पाणी पहिल्यांदा प्यालो तेव्हा डोळे भरून आले. आमच्याकडं आभाळाकडं बघून बघून माणसं थकतात, आणि इथं पेटीतनं पाणी गळतंय...

आता मुद्द्यावर येतो. बाकावर बसून भिंगाला हात लावायचा मान सहजासहजी मिळायचा नाही. बापूंची एक पद्धत होती. रोज सकाळी पाटीवर अंगठा दाबायचा. ओला ठसा उठला तर त्या दिवशी भिंगाला हात लावायचा नाही, झाडलोट करायची, पेट्या पुसायच्या. शाळेत सुटलेली पाटी अशी पुन्हा नशिबी आली. माझे तळहात लहानपणापासून घामेजतात. त्यात 'आज ठसा उठणार का' या भीतीनंच जास्त घाम. यशवंता यायचा, अंगठा टेकवायचा, पाटी कोरडी ठाक. वर माझ्या पाठीवर थाप — "पावणं, तुझ्या हातातनं नदी वाहती की रं! पिळणी कशाला पायजे बापूस्नी, तुलाच पिळलं म्हंजे झालं."

सगळे हसायचे. मीही हसायचो. पण आत जळायचं. त्याला घाम नाही, भीती नाही, काळजी नाही. ज्याच्या गावात चार महिने छपराखालनं बाहेर पडता येत नाही, त्याचे हात कोरडे. आणि माझ्या गावात थेंब नाही, तर माझे हात ओले! देवानं उलटं वाटप केलं होतं. बापूंनी सांगून टाकलं होतं, "दसऱ्याला एकालाच बाकावर बसवनार. दुसऱ्यानं आपलं गाव धरावं." माझं गाव धरून मी काय खाणार होतो?

पिळणीच्या डब्यात आतून बापूंनी खिळ्यानं रेघा मारल्या होत्या. खोलीचं दार दिवसातनं दोनदाच उघडायचं. नीट सांभाळलं तर संध्याकाळी डब्यात दोन बोटं पाणी. तीन-चार बोटं भरलं, म्हणजे कुणीतरी दार उघडं ठेवून बाहेरची ओल आत घेतली. मग त्या दिवशी ज्याची पाळी त्याची बिनपाण्यानं हजामत. एक दिवस यशवंताची पाळी, एक दिवस माझी.

वाचणाऱ्यांनी ओळखलंच असेल. आषाढात, यशवंताच्या पाळीच्या एका दुपारी, बापू आणि यशवंता जेवायला बसले असताना, मी वहिनींच्या माठातनं तांब्या भरून घेतला, कोरड्या खोलीत शिरलो आणि डब्यात ओतला. आईचं वाक्य आठवलं. तरी ओतला.

संध्याकाळी बापूंनी डबा ओढला. दोन बोटं. ना कमी ना जास्त. "शाबास यशवंता!"

मला वाटलं, डबा गळका असेल. मशीनखाली हात फिरवून बघितला, फरशी कोरडी. एक दिवस सोडून पुन्हा त्याची पाळी आली. पुन्हा ओतलं. या वेळी उभा राहून बघितलं... पाणी डब्यात पडताना दिसलं, आवाज झाला, आणि पाणी होतं त्याच रेघेवर. संध्याकाळी तीच दोन बोटं. खरं सांगू? भीतीपेक्षा राग जास्त आला. हे मशीनसुद्धा त्याच्याच बाजूचं! तिसऱ्या पाळीला तिसरा तांब्या ओतला. पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा शाबासकी. मग मी नाद सोडला.

त्यानंतर आठवडाभरानं बापू आणि वहिनी गडमुडशिंगीला वहिनींच्या बहिणीकडं बारशाला गेले आणि इकडं पंचगंगेला पाणी चढलं. रस्ता बंद झाला, ते तिकडंच अडकले. शहरात लख्ख ऊन, पण वरच्या रानात पाऊस कोसळत होता, सगळं पाणी आमच्या बोळाच्या तोंडाशी. नळ बंद. दिवे गेले. विहिरींत गटारं शिरली. त्यातच मला ताप भरला, उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी उठून बसवेना.

घरात दोघंच, मी आणि यशवंता. त्यानं पेठेतल्या डॉक्टरांना जवळजवळ उचलूनच आणलं. ते म्हणाले, "औषध देतो, पण याच्या अंगात पाणी राहिलं पाहिजे. चांगलं, उकळलेलं, घोट घोट, सारखं. नाहीतर उद्या बोलावू नका मला." माठातलं होतं ते त्याच दिवशी संपलं. यशवंतानं माठ उपडा करून शेवटचा थेंब माझ्या ओठावर सोडला. मग विहिरीचं आणलं, तुरटी फिरवली, उकळलं... प्यालो की ओकून टाकायचो.

पडल्या पडल्या मी त्याच्याकडं बघत होतो. तो त्याच विहिरीचं पाणी पीत होता आणि त्याला काही होत नव्हतं. मरायला टेकलेल्या माणसाला काय सुचावं? मला वाटलं, याचं पोटसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं.

दुपारी तो भिंगं बघायला कोरड्या खोलीत गेला आणि बाहेर आला तो डबा दोन्ही हातांनी धरून.

"म्हाद्या! आरं डब्यात तांब्याभर पानी साचलंय की!"

"दिवे आले?" मी विचारलं.

"न्हाय रं. पिळणी गपगार पडलीया. हात लावून बघितला, नळ्यासुद्धा गार न्हाईत. मी परवाच रिकामा करून ठेवलाय डबा." मग नाक जवळ नेऊन म्हणाला, "आनि ह्याला वाळ्याचा वास कसा येतोय?"

मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

त्यानं ते पाणी स्टोव्हवर उकळलं, ओल्या फडक्यात भांडं गुंडाळून गार केलं, आणि माझं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाजायला लागला. वाळा... वहिनींच्या माठाचा तोच वास. उकळल्यावरसुद्धा गेला नव्हता. पहिला घोट पोटात राहिला. दुसरा राहिला. संध्याकाळपर्यंत अख्खा तांब्या संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डब्यात पुन्हा एक तांब्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी सकाळी मला भूक लागली. त्या दुपारी यशवंता डबा बघायला गेला आणि रिकामा घेऊन आला. "आटला की रं तुझा झरा," म्हणाला. डबा तळापर्यंत कोरडा होता. मला ठाऊक होतं कोरडा असणार. तीनच ओतले होते मी.

पाणी ओसरल्यावर बापू आले. यशवंतानं सगळं सांगितलं. बापूंनी मिशीवरनं हात फिरवला. "नळ्यांवर बर्फ साचला आसंल. दिवे गेले, वितळला. सोपं हाय."

"तीन दीस वितळत हुता व्हय, बापू? आनि वाळ्याचा बर्फ?"

"लेका, चार दीस घरात पुराचा कुबट वास हुता. तुझं नाक फिरलं आसंल."

वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "नाक कसं फिरंल? दोघांचं एकदम?" आणि माझ्याकडं बघत राहिल्या. त्या वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण दसरा दोन-अडीच महिन्यांवर होता... मी पुन्हा मिटलं.

दसऱ्याला बापूंनी पाटी पुढं केली. यशवंताचा अंगठा कोरडा. माझा ओला. मी कपड्यांची वळकटी आधीच बांधून ठेवली होती. तेवढ्यात यशवंता म्हणाला, "बापू, माझं काय धरू नका. घरचं भात बघायला कोन न्हाय, आप्पाचं गुडघं धरल्यात. मी निघालो. बाकावर म्हाद्याला बसवा."

"आनि त्येच्या हाताचं काय?"

यशवंतानं खिशातनं पुरचुंडी काढली. जुन्या धोतराच्या मऊ फडक्याच्या बोटांच्या टोप्या, दहा, हातानं शिवलेल्या. पुरात रोज माझ्या उशाशी बसून काहीतरी शिवत होता, मला वाटायचं सदरा सांधतोय. "हे घालून बस म्हनावं. नदी आत ऱ्हाईल, भिंग कोरडं."

बापूंनी टोप्या उलट्यासुलट्या करून बघितल्या, माझ्या बोटांत घालून पाटीवर दाबायला लावलं. पाटी कोरडी! बापू हसले. मी रडलो. आणि मासिकात छापून येणार म्हणून खोटं लिहीत नाही — त्या रडण्यातही थोडी आग होतीच. सोडून द्यायलासुद्धा त्यालाच जमलं. मला कधी जमलं असतं?

एसटी सुटताना तो खिडकीतनं ओरडला, "पावणं, ऱ्हाता की आता!" तेव्हापासून मी इथंच आहे. टोप्या झिजल्या, वहिनींनी त्याच मापाच्या नव्या शिवून दिल्या. पिळणी अजून घरघरते. रोज दोन बोटं. त्या पाण्याला ना चव, ना वास. मी पुष्कळांना विचारलं — विजेचं काम करणाऱ्याला, त्या डॉक्टरांना, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका मास्तरांना. ओतलेलं कुठं गेलं आणि बंद पेटीतनं परत कसं आलं, हे कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही. मी ओतलं होतं, हे मात्र त्यांच्यापैकी कुणाला सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा सांगतोय.

यशवंताला वाचता येतं. चंदगडच्या बाजारात हे मासिक जातं का, ठाऊक नाही. गेलं नाही तरी येत्या आषाढात, लावणी उरकली की, मी जाणार आहे. वहिनींकडनं वाळ्याची जुडी मागून ठेवलीय. तो हसेल, म्हणेल, चंदगडात पाण्याला काय तोटा हाय व्हय? हसू दे. आधी सगळं सांगेन, मग त्याच्या आडाचं पाणी शेंदून, त्यात वाळा घालून, माझ्या या ओल्या हातांनी त्याला पाजेन.

एक नाही यशवंता, तीन तांबे.